खेळाडूचें मोल आणि कराराची मुदत

सांगलीच्या बाजारपेठेंत हळदीचा सौदा निघाला म्हणजे माल कोणाचा, भाव कितीला फुटला आणि घेणारा कोण, याची चर्चा दिवस मावळेपर्यंत गांवभर चालते. लिलावाची भाषा सांगलीकरांच्या कानांस पिढ्यान्‌पिढ्या सवयीची आहे. त्यामुळें १३ फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबईंत महिला क्रिकेटपटूंचा लिलाव झाला, त्यांत पहिलेंच नांव सांगलीच्या मुलीचें पुकारलें गेलें, आणि पन्नास लाखांपासून निघालेली बोली ३ कोटि ४० लाखांवर येऊन थांबली, तेव्हां त्या आंकड्याचा अर्थ लावण्यासाठीं सांगलीकर कोणाची वाट पाहत बसले नाहींत. ज्याला त्याला आपापलें मत होतें, आणि तें मांडण्यास पेढीचा ओटा, महाविद्यालयाचें आवार व कृष्णाकांठचा घाट ही तिन्ही व्यासपीठें मोकळी होतीं.

स्मृति मानधना यांचा जन्म १८ जुलै १९९६ रोजीं मुंबईस झाला. त्या दोन वर्षांच्या असतांना कुटुंब सांगलीजवळ माधवनगर येथें राहावयास आलें, आणि त्यांचें शिक्षण व खेळ हीं दोन्हीं सांगलींतच वाढलीं. वडील आणि थोरले बंधु जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. भावाला महाराष्ट्राच्या मुलांच्या संघांत खेळतांना पाहून धाकटीनें बॅट उचलली. नवव्या वर्षीं राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघांत आणि अकराव्या वर्षीं एकोणीस वर्षांखालील संघांत तिची निवड झाली. सांगलींत अनंत तांबवेकर यांनीं तिला शिकविलें. ऑक्टोबर २०१३ मध्यें बडोद्यास गुजरातविरुद्ध खेळतांना दीडशें चेंडूंत नाबाद २२४ धांवा काढून एकदिवशीय सामन्यांत द्विशतक करणारी पहिली भारतीय महिला हा मान त्यांनीं मिळविला. वडिलांनीं आपला व्यवसाय सांभाळून खेळाची सारी व्यवस्था पाहावी, आईनें आहाराकडे लक्ष द्यावें, भावानें सरावासाठीं चेंडू टाकावे, असा हा घरगुती कारखाना लिलावापूर्वी पंधरा-सोळा वर्षें चालत आला होता. मुंबईंत पुकारल्या गेलेल्या भावांत या वर्षांची मजुरी कोणी धरली नव्हती. लिलाव मागच्या कष्टांचा हिशेब करीत नाहीं. त्याची नजर पुढच्या उत्पन्नावर असते.

त्या दिवशीं लागलेला हा भाव सर्वांत मोठा ठरला. ऑस्ट्रेलियाची ॲश्ले गार्डनर आणि इंग्लंडची नॅट सिव्हर-ब्रंट यांस प्रत्येकीं ३ कोटि २० लाख मिळाले. भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर हिला १ कोटि ८० लाख. सांगलींत पेढे वांटले गेले नसते तरच नवल. परंतु हंगाम सुरू झाला मात्र, आणि पेढ्यांची गोडी उतरूं लागली. रॉयल चॅलेंजर्स हा मानधना यांचा संघ पहिले पांच सामने ओळीनें हरला, आणि कर्णधाराच्या आठ सामन्यांत मिळून १४९ धांवा झाल्या.

मग ओट्यावरचा हिशेब सुरू झाला. बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊनच आले. "तीन कोटि चाळीस लाखांस एकशें एकोणपन्नासांनीं भागा," ते म्हणाले, "एका धांवेस सव्वादोन लाखांहून अधिक पडले. एवढ्या रकमेंत आमच्या शाखेचा वर्षाचा पगार भागत असे!" त्यावर महाविद्यालयांत शिकणारा त्यांचा पुतण्या म्हणाला, "काका, हा हिशेब दरसालचा आहे कीं पडत्या सालापुरताच?" काकांनीं पेन्सिल खिशांत ठेवली. परंतु त्यांचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. ज्या गांवांत बहुतेक घरें महिन्याच्या पगारावर किंवा हंगामाच्या पिकावर चालतात, तेथें आठ सामन्यांसाठीं एवढी रक्कम हा आंकडा मनाला टोंचल्यावांचून राहत नाहीं, आणि ती टोंचणी केवळ मत्सराची असते असें म्हणणें अन्यायाचें होईल.

पुतण्याचा प्रश्न पुढच्या वर्षीं अधिक बोलका ठरला. १७ मार्च २०२४ रोजीं दिल्लींत झालेल्या अंतिम सामन्यांत मानधना यांच्या संघानें दिल्लीच्या संघास आठ गडी राखून हरविलें आणि करंडक जिंकला. याच मालकांचा पुरुषांचा संघ सोळा हंगाम खेळूनहि तोंपर्यंत करंडकास हात लावूं शकला नव्हता. त्याला तो २०२५ मध्यें मिळाला. त्या साली मानधना यांच्या धांवा ३०० झाल्या. त्याच भागाकारानें एका धांवेची किंमत सव्वा लाखाच्याहि आंत येते. परंतु त्या साली हा भागाकार करण्यास ओट्यावर कोणी कागद आणला नाहीं. विजयाच्या वर्षीं माणसें हिशेब ठेवीत नाहींत.

२०२५ चा हंगाम पुन्हां वाईट गेला आणि संघ चौथ्या क्रमांकावर राहिला. येथें तीन हंगामांचें पहिलें चक्र संपलें. नोव्हेंबरच्या अखेरीस मोठा लिलाव व्हावयाचा होता, आणि त्यापूर्वी प्रत्येक संघानें जास्तीत जास्त पांच खेळाडू राखावे, बाकीचे मोकळे करावे, असा नियम होता. राखलेल्या पहिल्या खेळाडूस साडेतीन कोटि, दुसऱ्यास अडीच, तिसऱ्यास पावणेदोन, चौथ्यास एक आणि पांचव्यास पन्नास लाख अशी साधारण पायरी ठरविली होती. मानधना यांस राखावें कीं सोडावें? राखावें तर सर्वांत वरच्या पायरीवर राखावें काय? हा वाद सांगलींत चांगलाच रंगला. सोडा म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. संघाच्या थैलींत सगळे मिळून पंधरा कोटि. त्यांतले साडेतीन एकीच्या ओंजळींत ओतले म्हणजे गोलंदाज कोठून आणणार? राखा म्हणणारे सांगत कीं, गोलंदाज बाजारांत मिळतात, कर्णधार मिळत नाहीं.

वाद चालू असतांनाच २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नव्या मुंबईंत भारताच्या महिलांनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेंत मानधना यांच्या धांवा ४३४ होत्या, भारतीयांत सर्वाधिक. चारच दिवसांत राखलेल्या खेळाडूंच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत मानधना साडेतीन कोटींवर होत्या. चौघींस राखण्यांत बेंगळुरूचे ८ कोटि ८५ लाख खर्ची पडले आणि उरलेला संघ उभारण्यास ६ कोटि १५ लाख राहिले. मुंबईनें हीच वरची पायरी सिव्हर-ब्रंट हिला दिली. विश्वचषक उचलणारी हरमनप्रीत तेथें अडीच कोटींवर राहिली.

सोडून देणें स्वस्त पडतें असें मानणाऱ्यांस त्याच महिन्यांत एक उत्तर मिळालें. उत्तर प्रदेशच्या संघानें दीप्ति शर्मा हिला २०२३ सालीं २ कोटि ६० लाखांस घेतलें होतें. विश्वचषकांत ती स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरली, तरीहि संघानें तिला राखलें नाहीं. २७ नोव्हेंबर रोजीं दिल्लींत ती लिलावांत उभी राहिली, तेव्हां जुन्या संघास भाव जुळवून खेळाडू परत घेण्याचा जो हक्क दिला होता तो वापरून त्याच संघानें तिला ३ कोटि २० लाखांस पुन्हां घेतलें. आडतपेढीवर ही बातमी ऐकून एक वृद्ध व्यापारी म्हणाले, "आपलाच माल आपण बाजारांत सोडायचा आणि चढ्या भावानें आपणच उचलायचा. याला व्यापार म्हणत नाहींत." अर्थात्‌ मोकळ्या झालेल्या इतर खेळाडूंच्या बाबतींत संघाचा पैसा वांचलाहि असेल. परंतु हातचा, पारखलेला खेळाडू आणि बाजारांतला खेळाडू यांत काय अंतर असतें, तें या एका सौद्यानें उघड झालें.

आतां रकमेचा प्रश्न. साडेतीन कोटि ही रक्कम फार कीं थोडी, हें कशाशीं ताडून पाहावें यावर अवलंबून आहे. सांगलीच्या पगारदाराशीं ताडली तर ती डोळे दिपविणारी आहे. त्याच मालकांच्या पुरुष संघांतील विराट कोहलीशीं ताडली तर ती सहावा हिस्सा आहे. कोहली यांस २०२५ च्या हंगामासाठीं २१ कोटि देऊन राखलें होतें. पुरुष संघांची थैली त्या वेळीं १२० कोटींची, महिलांची पंधरा कोटींची. यावर नेहमीचें उत्तर असें कीं, जेथें उत्पन्न तेथें वेतन. पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२३ ते २०२७ या पांच वर्षांसाठीं ४८,३९० कोटींस विकले गेले, महिलांचे ९५१ कोटींस. हें उत्तर बरोबर आहे. परंतु तें पुरें नाहीं. भारताकडून खेळतांना पुरुष व महिला यांस प्रत्येक सामन्याचें मानधन सारखेंच मिळेल, कसोटीस १५ लाख, एकदिवशीयास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख, हा निर्णय नियामक मंडळानें २७ ऑक्टोबर २०२२ रोजीं जाहीर केला, तेव्हां त्यानें उत्पन्नाकडे बोट दाखविलें नव्हतें. उलट त्याच मंडळाच्या २०२४-२५ च्या वार्षिक करारांत सर्वोच्च श्रेणींतील पुरुषास सात कोटि आणि सर्वोच्च श्रेणींतील महिलेस पन्नास लाख होते. एकाच घरांत सामन्याचा हिशेब एका तत्त्वानें आणि वर्षाचा हिशेब दुसऱ्या तत्त्वानें! मानधना या पन्नास लाखांच्या श्रेणींत होत्या.

ज्यांना साडेतीन कोटि फार वाटतात त्यांनीं थोडें मागें वळून पाहावें. भारतीय महिला क्रिकेटची स्वतंत्र संस्था १९७३ सालीं स्थापन झाली, आणि २००६ सालीं ती नियामक मंडळांत विलीन होईपर्यंत तिच्या खेळाडूंनीं बहुधा पदरमोड करून क्रिकेट खेळलें. २००५ सालीं भारतीय संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. त्या स्पर्धेंत एका सामन्याचे हजार रुपये मिळाले, असें त्या वेळच्या कर्णधार मिताली राज यांनीं सांगितलें आहे. एक हजार रुपये आणि साडेतीन कोटि यांमध्यें वीस वर्षांचें अंतर आहे. त्या काळीं खेळून गेलेल्या मुलींस हा भाव पाहावयास मिळाला, घ्यावयास मिळाला नाहीं.

परंतु ओट्यावरच्या सगळ्या वादांत एक गोष्ट मागें पडते, आणि तीच खरी महत्त्वाची आहे. सारे जण आंकड्यावर भांडतात. मुदतीवर कोणी बोलत नाहीं. लिलावांत पुकारलेली रक्कम एका हंगामाची असते. खेळाडू त्या संघाशीं चक्र संपेपर्यंत बांधला जातो. संघ मात्र प्रत्येक हंगामाच्या शेवटीं त्याला मोकळें करूं शकतो. बांधणारी दोरी एकाच टोंकास आहे. आपल्याकडे सालगडी ठेवतात तेव्हां पाडव्याला साल ठरतें. गड्याला दुसरा मालक पाहावयाचा असेल तर पुढच्या पाडव्याला तो पाहूं शकतो. कोटींनीं मोजलेल्या या खेळाडूस तेवढी मोकळीक नाहीं. आपण कोणत्या गांवासाठीं खेळावें हें तो ठरवीत नाहीं, बोली ठरविते.

इतरांच्या मुदती पाहाव्या. ज्या मालकांनीं २०२३ सालीं महिलांचे पांच संघ मिळून सुमारें ४,६७० कोटींस घेतले, त्यांत बेंगळुरूच्या संघाचे ९०१ कोटि होते, त्यांचा हक्क दहा हंगामांचा आहे. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचा हक्क पांच वर्षांचा. आणि ज्यांच्या खेळासाठीं हे पैसे मोजले गेले त्यांचें चक्र तीन हंगामांचें, तेंहि दरसाल तुटूं शकणारें. मानधना पहिल्या लिलावाच्या वेळीं सव्वीस वर्षांच्या होत्या. २०२५ सालीं एकोणतीस पूर्ण झालीं. पुढचें चक्रहि तीन हंगामांचेंच धरलें, तर त्याच्या शेवटीं त्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर असतील. मालकांची दहा वर्षें संपतील तेव्हां त्यांचें वय छत्तीस होईल. सांगलीजवळ हरिपुरास हळद साठविण्याचीं पेवें होतीं. भाव पडला कीं शेतकरी व व्यापारी हळद पेवांत घालीत आणि बरा भाव येईपर्यंत वाट पाहत. खेळाडूचे हात, पाय व डोळे यांसाठीं असें पेव कोणी खोदलेलें नाहीं. ज्या वर्षीं भाव पडेल त्याच वर्षीं त्याला विकलें गेलें पाहिजे, कारण पुढच्या वर्षीं त्याच्याजवळचा माल एका वर्षानें कमी झालेला असतो.

करार दीर्घ मुदतीचा केल्यानें सर्व प्रश्न सुटतात असें मात्र समजूं नये. उत्तर अमेरिकेंत बर्फावरच्या हॉकीची जी मोठी स्पर्धा आहे, तिच्यांत आपल्याच खेळाडूस संघ आठ वर्षांपर्यंत करारानें बांधूं शकत असे. २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या तडजोडीनें ही मर्यादा सात वर्षांवर आणली. कोलोरॅडो संघाचा नामांकित बचावपटु केल मकार यानें २०२१ सालीं सहा वर्षांचा, दरसाल सरासरी नव्वद लाख डॉलरचा करार केला. तो संपत आला म्हणतांना तेथील रसिकांचा वाद सांगलीच्या वादाहून वेगळा नाहीं; फक्त त्यांची पेन्सिल धांवांऐवजीं वर्षांवर चालते. पुढचा करार आठ वर्षांचा केला तर शेवटच्या दोन वर्षांत थकलेल्या पायांस तरुणाचें वेतन द्यावें लागेल, असें एक पक्ष म्हणतो. कमी वर्षांचा केला तर तो हातचा जाईल, असें दुसरा. दोन्ही पक्ष खरें बोलतात. पण तेथें खेळाडूंची संघटना मालकांशीं समोरासमोर बसून या मर्यादा ठरविते. आपल्याकडे २०१९ सालीं स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. जे आज मैदानांत आहेत त्यांच्या वतीनें मुदतीविषयीं बोलणारें कोणी नाहीं. चौथ्या पायरीला एक कोटि कां, दीड कां नाहीं, हें खेळाडूंस विचारून ठरलें नव्हतें.

सांगलीनें खेळाडूच्या चरितार्थाची याहून जुनी एक रीत पाहिली आहे. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलींत एका शिक्षकाच्या घरीं झाला. आठ भावंडांच्या त्या घरांत क्रिकेटवर पोट भरेल ही कल्पना करणेंहि कठीण होतें. त्या काळीं लिलाव नव्हता, संस्थानिकांचा आश्रय होता. देवासचे महाराज विक्रमसिंह यांनीं हजारे यांस आपल्या पदरीं घेतलें. १९४१ पासून ते बडोद्याकडून खेळूं लागले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचें मार्गदर्शन त्यांस लाभलें. या आश्रयाचें फळ जगानें पाहिलें. १९४३ सालीं मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघाच्या ३८७ धांवांपैकीं एकट्या हजारे यांच्या ३०९ होत्या. १९४७ सालीं बडोद्यास होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्याबरोबर त्यांनीं ५७७ धांवांची भागीदारी केली. १९४८ च्या जानेवारींत ॲडलेड येथें एकाच कसोटींत ११६ आणि १४५ अशीं दोन शतकें काढलीं.

त्या आश्रयांत मुदत नव्हती. महाराजांची मर्जी हीच मुदत. एखादा डाव फसला म्हणून कोणी धांवेमागें रुपये मोजीत नसे, आणि दुखापत झाली म्हणून पान वाढणें थांबत नसे. याची दुसरी बाजू अशी कीं, मर्जीला कागद नसतो. १ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच साली हजारे लँकेशरमधील रॉटनस्टॉल या कारखान्यांच्या लहानशा गांवाच्या क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून खेळत होते. राजाश्रयाकडून कराराकडे असा हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यांत घडला. मुदतीचा करार हा राजाश्रयाहून कोरडा खरा. पण त्यावर खेळाडूचीहि सही असते, आणि एवढ्यासाठीं तरी तो श्रेष्ठ होय.

त्या सहीचें बळ १९५२ च्या उन्हाळ्यांत सर्व देशास कळलें. हजारे हे इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार होते. विनू मंकड यांस हॅसलिंग्डन या लँकेशर लीगच्या क्लबाकडून बोलावणें होतें. आपली कसोटी संघांत निवड होईल असें आश्वासन मंडळानें द्यावें, म्हणजे आपण तो करार करणार नाहीं, असें मंकड यांनीं कळविलें. मंडळानें आश्वासन दिलें नाहीं. मंकड यांनीं करार केला. त्यावर उठलेला वाद आजच्या वादासारखाच होता: देश मोठा कीं पगार मोठा? लीड्स येथील पहिल्या कसोटींत भारताचे दुसऱ्या डावांत चार गडी एकहि धांव न होतां बाद झाले, आणि मग त्याच मंडळास हॅसलिंग्डनशीं बोलणें करून मंकड यांस मागून घ्यावें लागलें. लॉर्ड्सवर मंकड यांनीं ७२ आणि १८४ धांवा काढल्या, शिवाय एका डावांत ७३ षटकें टाकून पांच गडी बाद केले. सामना भारतानें गमावला, तरी मंकड यांचें नांव त्या कसोटीस कायमचें चिकटलें. आश्वासन मागणारा खेळाडू लोभी, असें म्हणणाऱ्यांनीं या उन्हाळ्याचें स्मरण ठेवावें. मंकड यांनीं जास्त पैसे मागितले नव्हते. आपले दिवस निश्चित करून मागितले होते.

त्याच उन्हाळ्यांत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीस कुस्तींत कांस्यपदक घेऊन आले. त्यांस पाठविण्यासाठीं सातारा-कोल्हापूर भागांतील लोकांनीं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक होतें. पण त्या पदकावर खाशाबांचा प्रपंच चालावा अशी कांहीं सोय नव्हती. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. सांगली-साताऱ्याच्या जुन्या पिढींतील माणसांस साडेतीन कोटींचा आंकडा ऐकून जो धक्का बसतो, त्यामागें हें सर्व आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणें खेळ हा गौरवासाठीं, आणि पोट नोकरीसाठीं. ती समजूत उदात्त होती. परंतु तिची किंमत खाशाबांसारख्यांनीं भरली, तिचें कौतुक करणाऱ्यांनीं नव्हे.

म्हणून मानधना यांच्या रकमेवर वाद घालणाऱ्यांस एक सुचवावेंसें वाटेल. रक्कम बाजार ठरवितो, आणि बाजार जितका चुकतो तितका तो पुढच्या लिलावांत सुधारतोहि. दीप्ति शर्मा हिचें उदाहरण ताजें आहे. मुदत मात्र नियमांनीं ठरते, आणि नियम माणसें लिहितात. ज्या खेळाडूनें तीन हंगाम संघास दिले आणि करंडकहि दिला, त्याला चौथ्या वर्षीं आपण कोठें खेळावें हें निवडण्याचा हक्क असावा. संघास त्याला राखावयाचें असेल तर दोन किंवा तीन हंगामांची पक्की हमी द्यावी, दरसाल तोडण्याची मुभा ठेवूं नये. यांत मालकांचें नुकसान फारसें नाहीं. त्यांनीं स्वतःसाठीं दहा वर्षांची हमी मागून घेतलीच आहे.

हा प्रश्न एका मानधनांचा असता तर इतकें बोलण्याचें कारण नव्हतें. त्यांचें पुढचें आयुष्य सुस्थितींत जाईल. प्रश्न त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींचा आहे. डिसेंबर २०२५ मध्यें नियामक मंडळानें देशांतील महिलांच्या वरिष्ठ एकदिवशीय सामन्यांचें मानधन दिवसास वीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेलें. राखीव खेळाडूस त्याच्या निम्में. ही वाढ चांगली, आणि उशिरां कां होईना, झाली. परंतु सामने वर्षांत मोजकेच असतात, आणि संघाबाहेर राहिलेल्या मुलीस त्यांतलें कांहींच मिळत नाहीं. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा येथील जाळ्यांत संध्याकाळीं ज्या मुली सराव करतात त्यांच्या घरीं रात्रीं जेवतांना जें बोलणें होतें, त्यांत कोटींचा उल्लेख क्वचित्‌ येतो. बारावीनंतर खेळ चालू ठेवावा कीं नोकरीच्या परीक्षेस बसावें, हें त्या घरांस ठरवावयाचें असतें. आई-वडील विचारतात: आणखी किती वर्षें? आणि मुलीजवळ त्याचें उत्तर नसतें.